नाव लेबलछपाईचंच यायचं

स्क्रीनवर ‘डावाउजवा’ असं आलं आणि मी खुर्चीसकट गर्रकन गिरकी घेतली. आलं! चक्क आलं! आई गिऱ्हाईकाकडे गेली होती, ऑफिसात माझ्याशिवाय कोणी नव्हतं, म्हणून मी मोठ्यांदा ओरडलेसुद्धा, आणि खालच्या मजल्यावरचं शिंप्याचं मशीन क्षणभर थांबल्यासारखं वाटलं. सकाळपासून त्या एका ओळीच्या मी हात धुऊन मागे लागले होते. सुट्टीत घरी बसून डोकं खाण्यापेक्षा ऑफिसात बसून काहीतरी कर, असं म्हणून आईने मला जे काम दिलं होतं ते इतकं बिनडोक होतं की ते न करण्यासाठी मी त्याच्या दसपट काम केलं. आईचा प्रोग्राम म्हणजे शेकडो लहान लहान तुकडे. प्रत्येक तुकडा एक प्रोसिजर, प्रत्येकीला एक नाव, आणि एकीने दुसरीला हाक मारायची, दुसरीने तिसरीला. कोणी अडखळलं की तिने ‘चूकनोंद’ नावाच्या प्रोसिजरला बोलवायचं आणि चूकनोंदने लॉगमध्ये लिहायचं, काय बिघडलं आणि कुठे बिघडलं. आता गंमत अशी, की चूकनोंदला बिचारीला कळायचंच नाही आपल्याला बोलावलं कोणी. म्हणून जुन्या काळी प्रत्येक प्रोसिजरच्या पहिल्या ओळीत तिचं नाव हाताने लिहून ठेवायचे आणि चूकनोंदला बोलावताना ते तिच्या हातात द्यायचे. सगळीकडे ही पहिली ओळ आहे ना, एवढं बघायचं काम आई मला देऊन गेली होती. मी म्हटलं, छे! शेकडो जणींच्या गळ्यात पाट्या अडकवत फिरायचं? आई हा प्रोग्राम केव्हाच नव्या भाषेत घेऊन आलीय, आणि नव्या भाषेत चालू प्रोग्रामलाच विचारता येतं की बाई गं, आत्ता तुला हाक कोणी मारली? ते विचारणारा तुकडा मी स्वतः लिहिला. पहिल्यांदा फजिती झाली. कुठलीही चूक करून बघितली तरी लॉगमध्ये ‘चूकनोंद’ असंच यायचं, म्हणजे दारावर टकटक झाली, आपण ओरडून विचारलं कोण आहे, आणि आपणच म्हटलं, मी! मग लक्षात आलं, हाकांच्या त्या उतरंडीत सगळ्यात टोकाला विचारणारी स्वतःच उभी असते, तिला सोडून एक पायरी मागे जायचं. गेले मागे. काचवाल्या काकांच्या, म्हणजे चष्म्याच्या काचा घासून देणाऱ्या आमच्या गिऱ्हाइकाच्या, जुन्या ऑर्डरी प्रोग्रामला एकामागून एक भरवल्या. एका ऑर्डरीशी तो अडला, आणि आलं नाव. डावाउजवा.

खुर्चीची गिरकी पुरती संपायच्या आतच मला काहीतरी खटकलं. आधी कळलंच नाही काय. पंख्याचा वारा मानेवर येत होता, बोटांना बिस्किटाचा चुरा लागलेला होता, सगळं छान होतं, आणि तरी जिना उतरताना शेवटची पायरी आहे असं वाटावं आणि ती नसावी तसं झालं. ही चूक माझ्या ओळखीची होती. आमच्या घरात ही चूक सगळ्यांच्या ओळखीची आहे, एखाद्या खाष्ट नातेवाइकासारखी, अधूनमधून न सांगता येणारी. आणि ती आली की लॉगमध्ये नाव ठरलेलं असायचं, डावाउजवा नाही, लेबलछपाई. लेबलछपाई मामाची होती. प्रोग्राम लिहिला आईने आणि मामाने मिळून, अर्धा तिचा, अर्धा त्याचा, नावंसुद्धा दोघांनी हसत हसत आपल्याच भाषेत ठेवलेली, आणि कागदावर लेबल छापायचा सगळा भाग मामाचा. मी डावाउजवा उघडली. दोन डोळ्यांच्या काचांची ऑर्डर घेऊन तिच्यातली डावी कुठली, उजवी कुठली हे वेगळं करणारी ती प्रोसिजर. आईची. तिच्या अगदी वरच्या ओळीत, जिथे तिचं स्वतःचं नाव हवं, तिथे अवतरणचिन्हांत लिहिलं होतं: लेबलछपाई.

मी ती ओळ वाचत बसले. खाली नजर गेली तर बाकीचंही मामाचंच दिसायला लागलं. मामा दर चार ओळींनी एक ओळ मोकळी सोडायचा, प्रोसिजरलाही श्वास घ्यायला जागा हवी म्हणायचा, आणि त्या मोकळ्या ओळी इथे होत्या, आईच्या प्रोसिजरमध्ये. आई कधी ओळ सोडत नाही. आई घाईत लिहिते, घाईत जेवते, घाईत रागावते. मग मला आठवलं, मामा ऑफिसात यायचा तेव्हा कोणी नवीन माणूस हाताखाली आला की आई त्याला मामाच्या स्क्रीनपाशी नेऊन म्हणायची, “हे बघ. भांग पाडून केस विंचरल्यासारखं लिहिलंय की नाही? असं लिहायचं. नाही जमलं तर सरळ याचंच उचल आणि आतलं बदल.” म्हणजे तिनेही तेच केलं होतं. लेबलछपाई पुरीच्या पुरी उचलली, खाली चिकटवली, आतलं सगळं बदललं, आणि वरची नावाची ओळ बदलायची राहिली. एवढंच. इतकं साधं की मला हसू आलं. आमच्या वर्गातल्या मुली असंच करतात, एकीचा निबंध दुसरी उतरवते आणि शेवटी पहिलीचंच नाव राहतं. हसू आलं आणि मग ते तोंडात तसंच राहिलं, काय करावं त्याचं कळेना.

आमच्या ऑफिसात तेव्हा दोन टेबलं समोरासमोर होती. आता एकच वापरात आहे, दुसऱ्यावर कागदांचे खोके. मामा शिट्टी वाजवत काम करायचा, अर्धवट गाणी, शेवट कधीच नाही, आणि आई म्हणायची, “पुरं तरी कर एखादं, माझं डोकं तिथेच अडकतं.” मी शाळेतून थेट तिथे यायची, दप्तर टाकायची आणि दिवसभरातलं सगळं एका दमात सांगायची. मामा मला भोंगा म्हणायचा. “काय भोंगा, आज कारखाना लवकर सुटला?” मला तो जगातला सगळ्यात हुशार माणूस वाटायचा, कारण तो माझं ऐकता ऐकता टाइप करायचा आणि दोन्हींत काही चुकायचं नाही. मग ती चूक यायला लागली. काचवाले काका चष्म्याच्या काचा घासून देतात, गावभरच्या दुकानांतून त्यांच्याकडे नंबर येतात, आमचा प्रोग्राम प्रत्येक काचेचं लेबल छापतो, डावी, उजवी, नंबर, नाव. मधूनच एखाद्या सकाळी प्रोग्राम अडायचा, पुन्हा चालू केला की पुढच्या लेबलांत डाव्याचं उजव्याला आणि उजव्याचं डाव्याला. काकांच्या पोरी नजर ठेवून असायच्या, बहुतेक वेळा पकडायच्या. एकदा नाही पकडलं. एका बाईंच्या डोळ्यांवर उलटा चष्मा गेला, त्या दोन दिवस डोकं धरून बसल्या आणि मग दुकानदाराने काकांना असं काही सुनावलं की काका तडक आमच्याकडे. ते दारातूनच बोलत आले. मी खोक्यावर बसून पेरू खात होते, तो हातात तसाच राहिला.

“ताई, तुमच्या भावाला डावं-उजवं कळतं का हो? का ते लहानपणी शिकवायचं राहिलं?”

“काका, बसा आधी.”

“बसायला नाही आलो. माझ्या काचा बरोबर असतात. तुमचं लेबल चुकतं. आणि दर वेळी लेबलच चुकतं. हा काय लेबलमामा ठेवलाय तुम्ही?”

मामा हसायला बघत होता. तो असाच, कोणी टोमणा मारला की आधी हसायचा. आणि आईने, तेवढंच मला स्वच्छ आठवतंय, आईने स्क्रीन काकांकडे वळवला. लॉग उघडलेला होता. तिने बोट ठेवलं नाही काही नाही, नुसता स्क्रीन वळवला. लेबलछपाई, लेबलछपाई, लेबलछपाई, खालपर्यंत. काका चष्मा वर करून वाचत राहिले, आणि मामाचं हसू हळूहळू विझलं, जसा पंखा बंद केल्यावर पाती दिसायला लागतात तसं ते नुसतंच ओठांवर दिसायला लागलं.

त्यानंतर मामाने लेबलछपाई किती वेळा पुसून नव्याने लिहिली ते त्यालाही सांगता आलं नसतं. जिथे नाव यायचं तिथेच बघणार ना माणूस. लॉग म्हणतोय लेबलछपाई, तर तिच्यातच शोधणार. ती धुतली, वाळवली, पुन्हा धुतली. शिट्टी बंद झाली. तो मला म्हणायचा, भोंगा, जरा नंतर. आणि इतकं करूनही पुन्हा एका सकाळी काकांचा फोन आला, लॉगमध्ये पुन्हा तेच नाव, आणि आई वैतागून म्हणाली, “अरे तुझंच नाव येतंय, मी तरी काय करू?” यावर त्याने भांडायला हवं होतं. आमच्याकडे भांडतात सगळे. माझी आणि आईची रोज वाजते आणि जेवायला बसेपर्यंत मिटते. तो भांडला नाही. तो म्हणाला, “असेल गं ताई. माझंच असेल.” आत्ता खुर्चीत बसून मला ते वाक्य जसंच्या तसं ऐकू आलं, त्याचा आवाजसुद्धा, थकलेला नाही, एखाद्याने आपलं वजन सांगावं तसा. मग तो यायचा थांबला. कप घेऊन गेला, उशी घेऊन गेला, दार आपटलं नाही. आणि ती चूक तो गेल्यावरही येतच राहिली. लेबलछपाई आता पूर्ण आईने लिहिलेली होती, तरी यायची, आणि आई लॉग वाचून म्हणायची, “जुनं काहीतरी राहिलंय त्याचं.” हे मी ऐकलंय. शाळेचा डबा भरून घेता घेता, केस बांधता बांधता, कितीदा ऐकलंय, आणि मलाही ते पटायचं. घरातल्या ओलसर भिंतीचं जसं पटतं, की आधीच्या भाडेकरूंनी काहीतरी केलं असेल.

जिन्यावर आईच्या चपला वाजल्या. तेव्हाही मला वाटलं होतं, सांगू नये. खरंच वाटलं होतं, अर्धा क्षण. पण नुसतं समजल्याने जो आनंद होतो तो मोठा वाह्यात असतो, त्याला कोणाचं काय होईल याच्याशी घेणंदेणं नसतं. आई दारात आली, पर्स अजून खांद्यावर, आणि मी सुरू.

“आई, कसलं भारी! नावांच्या ओळी आता लागतच नाहीत! आता चूकनोंद स्वतःच शोधते कोणी बोलावलं ते! आणि काकांची ती चूक आठवते ना, ती लेबलछपाई नव्हतीच! डावाउजवा होती! एकाच डोळ्याची काच मागवली की ती गडबडते, दुसरी नसतेच ना, मग पुढच्या ऑर्डरीतली ओढून घेते, बघ, बघ तर!”

आईने पर्स ठेवली. पाणी प्यायली. “तुझंच काहीतरी चुकलं असेल,” ती म्हणाली, अगदी शांतपणे. “असं विचारून मिळालेलं नाव नेहमी खरं नसतं. कधीकधी लहान प्रोसिजर मोठीत विरघळवून टाकतो कॉम्प्युटर, वेग यावा म्हणून. मग भलतंच नाव येतं.”

“माहितेय मला. म्हणून ते बंद करून चालवलंय.”

“बघू.”

ती माझ्या खुर्चीत बसली, मी मागे उभी. तिने एकाच काचेची ऑर्डर भरली. अडलं. डावाउजवा. पुन्हा भरली. डावाउजवा. तिने प्रोसिजर उघडली आणि वरची ओळ वाचली. मला तिचं तोंड दिसत नव्हतं, भांगातले पांढरे केस तेवढे दिसत होते, आणि मी, अजूनही, काय सांगू, शाबासकीची वाट बघत उभी होते. आईने बाण खाली नेला, सावकाश. पहिली मोकळी ओळ आली. दुसरी आली. तिथे तिचा हात माउसवरून उठला आणि तिने तो मांडीवर ठेवला, दुसऱ्या हाताने धरून. “ओळीसुद्धा त्याच्याच ठेवल्या मी,” ती म्हणाली. खाली शिंप्याचं मशीन धडधडत होतं. मी म्हटलं, “अगं, होतं असं, कॉपी करताना राहतंच.” मी म्हणजे तिची समजूत घालत होते, आणि त्या क्षणी मला पहिल्यांदा नीट कळलं की मी आणलंय काय. मी चूक शोधली नव्हती. ती तर चार ओळींची होती, कोणीही दुरुस्त केली असती. मी आईच्या हातात ती दुपार आणून दिली होती, स्क्रीन वळवल्याची, आणि वर गिरकी घेऊन.

“चल,” आई म्हणाली.

“कुठे?”

“चप्पल घाल.”

मामा आता गाड्या ठेवायच्या त्या पाच मजली इमारतीत काम करतो, तळाशी काचेची खोली आहे, तिच्यात. गाडी येते, मशीनमधून तिकीट निघतं, तो देतो, आडवा दांडा वर जातो. आम्ही बसने जाताना ती इमारत दिसायची आणि आई तेवढ्यापुरती माझ्या वेणीकडे बघायची. आज आम्ही चालत गेलो. वाटेत मला सारखं वाटत होतं, हे आई सांगणार की मी, आणि कसं, आणि मामाला एकदम इतका आनंद झाला तर तो काय करेल, शिट्टी वाजवेल का, आणि माझ्या डोक्यात तो आमच्या ऑफिसात परत आलासुद्धा, खोके हलवले, टेबल पुसलं. माझं मन असंच आहे, आगाऊ. आत शिरलो तर डोक्यावर छत, पेट्रोलचा आणि ओल्या सिमेंटचा वास, दिवसाही दिवे लागलेले. मामा आम्हाला बघून स्टुलावरून उठला. बारीक झाला होता. चष्मा लागला होता त्याला.

“भोंगा! केवढी झालीस! ताई, काय झालं? घरी सगळं बरं आहे ना?”

“बरं आहे,” आई म्हणाली आणि थांबली. मग मलाच म्हणाली, “सांग त्याला. तू सांग.”

मी सांगायला लागले. एक गाडी आली, थांबले. तो पुन्हा वळला, पुन्हा लागले. चालू प्रोग्रामलाच विचारता येतं म्हटल्यावर त्याचे डोळे असे चमकले की मला बरं वाटलं. “आणि पहिल्यांदा काय आलं?” तो मध्येच म्हणाला. “चूकनोंदच आली असणार! दर वेळी! आली ना?” मी म्हटलं, “हो!” आणि आम्ही दोघं खदखदून हसलो. “मग एक पायरी मागे गेलीस. वा गं! आम्हाला त्या जुन्या भाषेत सोयच नव्हती बघ, हातानेच लिहावं लागायचं.” हसता हसता त्याने आईकडे पाहिलं. आई हसत नव्हती.

“डावाउजवा होती ती,” आई म्हणाली. “काकांची चूक. पहिल्यापासून. माझी डावाउजवा. तुझी लेबलछपाई उचलून केली होती मी, वरचं नाव बदलायचं राहिलं.”

मागे हॉर्न वाजला. मामाने तिकडे पाहिलंच नाही. “माझी उचलली होतीस?” तो म्हणाला. “का?”

“चांगली होती म्हणून.”

मामा मान हलवत राहिला, बराच वेळ, जणू कोणीतरी लांबून काही सांगतंय आणि ते हळूहळू पोचतंय. मग आईला विचारलं, माझ्या वर्गातली पोरं पेपर मिळाल्यावर बाईंना विचारतात त्या आवाजात विचारलं, “चांगली होती ना गं ती?”

“परत ये,” आई म्हणाली. तिचा आवाज फाटला. “टेबल आहे तसं आहे. ये तू.”

“बघू,” तो म्हणाला. मग म्हणाला, “इथे बरं आहे गं ताई. इथे चुकलंच तर नुसती गाडी थांबते.” पुन्हा हॉर्न. गाडीवाला खिडकीतून डोकं काढून ओरडला, “ओ साहेब, गप्पा नंतर! तिकीट द्या!” मामा वळला. मशीनमधून तिकीट निघालं. त्याने ते हातात घेतलं, वाचलं. काचेतून वाकून गाडीचा नंबर वाचला, मग पुन्हा तिकीट वाचलं, ओठ हलवत, एकेक आकडा. “अहो, परीक्षेचा पेपर आहे का तो?” गाडीवाला म्हणाला. मागे आणखी दोन हॉर्न लागले.

“मशीन छापतं रे ते,” आई म्हणाली, अगदी हळू. “त्यात काय चुकणार?”

“माहीत आहे ताई,” मामा म्हणाला, आणि तिकीट उजेडात धरून पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागला.